दारातल्या चपला

पेठ वडगाव
१८ नोव्हेंबर २०२४

संयू,

तुला पत्र लिहायची वेळ पुन्हा येईल असं वाटलं नव्हतं. शेवटचं पत्र लिहिलं ते माझं लग्न ठरलं तेव्हा. तू त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुकांवर लाल रेघा मारून ते परत पाठवलं होतंस. पण आता करू काय? आठवडाभर फोन लावतेय. तुझी सून उचलते आणि म्हणते, "आई झोपल्यात." सकाळी अकराला झोपल्यात, दुपारी चारला झोपल्यात. शाळेत सिस्टर इनेसच्या तासालासुद्धा तू कधी डुलकी काढली नाहीस, आणि आता दिवसभर झोपतेस?

त्या मंगळवारी तू येणार होतीस. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर पहिल्यांदाच मी स्वयंपाकघरात उभी राहिले. पांढरा रस्सा केला. आमच्या घरात तो तुमच्यासारखा होत नाही असं तू म्हणतेस, म्हणून खसखस दोनदा वाटली. दाराशी खुर्ची टाकून बसले. प्रत्येक रिक्षा वळली की उठायचे. शेवटी शेजारीण म्हणाली, "पावणं न्हाईत येत आता, जेवा की." जेवले नाही.

येणं जमत नव्हतं तर तसं सांगायचं होतंस. मोठ्या घरातल्या माणसांना वडगाव लांब पडतं, हे मला कळलं असतं.

तुझी (अजून तरी),
शाहिस्ता


कोल्हापूर
२५ नोव्हेंबर २०२४

प्रिय शाही,

तुझं पत्र मिळालं. पोस्टमनने गेटवरून हाक मारली तेव्हा नशिबाने मीच व्हरांड्यात होते. पाकिटावरचं तुझं अक्षर अजून तसंच आहे, उजवीकडे पडणारं.

माफ कर मला. त्या दिवशी निघताना पाय मुरगळला. फार काही नाही, सूज उतरली आहे. डोळ्यांना त्रास होतो म्हणून फोन सध्या क्रांती सांभाळते. मुलं काळजी घेतात. धैर्यशील कारखान्यातून रोज दुपारी फोन करून मी जेवले का विचारतो. गेटला दिवसाही कुलूप असतं. हल्ली चोऱ्या फार वाढल्या आहेत म्हणे.

बागेत शेवंती फुलली आहे. मी सकाळी गेटपर्यंत चालते, मागच्या भिंतीपर्यंत चालते, आणि परत गेटपर्यंत येते. बरं वाटतं.

हे पत्र बनाबाईकडे देते आहे. ती भाजी घेऊन येते ना, तीच. ती टोपली आत ठेवेपर्यंत तेवढं गेट उघडं असतं. मी विचारलं, टाकशील का पेटीत? म्हणाली, "टाकतो की आईसाहेब, त्यात काय! पण चोरून कुनाला लिवताय या वयात?" मी हसले. खूप दिवसांनी.

पांढऱ्या रश्श्यासाठी जीव तुटला. रागावू नकोस.

तुझी,
संयू


पेठ वडगाव
२ डिसेंबर २०२४

संयू,

कुठला पाय मुरगळला गं? डावा की उजवा? नीट ठरवून सांग.

माझा पुतण्या चमन कोडोलीत रिक्षा चालवतो, तुला माहीत आहे. काल घरी आला तो हसतच. तळेमाळला म्हणे एक जुनं दगडी चर्च आहे. त्यात कोल्हापूरची कुणी बाई अडकली आणि तिने घंटा वाजवून सगळा गाव गोळा केला. "चाची, लई भारी बाई हुती! निळं लुगडं, पांढरं केस, आनि गावाला म्हनाली, सॉरी, आय अ‍ॅम सो सॉरी!" कधीची गोष्ट म्हणून विचारलं, तर त्याच मंगळवारची.

निळी साडी मीच तुला मागच्या ईदला दिली होती. आणि गावाला इंग्रजीत माफी मागणारी दुसरी बाई या जिल्ह्यात नाही.

माझ्याकडे यायला निघालीस आणि चर्चमध्ये जाऊन बसलीस? मी रस्सा ढवळत बसले होते, संयू. मला खरं सांग. वाईट असलं तरी खरं सांग. आणि चोऱ्या वाढल्या म्हणून दिवसा गेटला कुलूप लावतात, हे मला सांगू नकोस. तुझ्या गेटचं कुलूप कधी आलं ते मला माहीत आहे. तुझे मालक, माझे भाईजान, घरची वाट विसरायला लागले तेव्हा.

शाहिस्ता


कोल्हापूर
९ डिसेंबर २०२४

प्रिय शाही,

पाय मुरगळला नव्हता. कुठलाच नाही.

त्या मंगळवारी मी एसटीने निघाले. वाठारला उतरून वडगावची रिक्षा धरायची होती. खिडकीजवळची जागा मिळाली. उसाला तुरे आले होते, ऊन कोवळं होतं, आणि शेजारी बसलेली बाई माझ्याशी काहीही बोलत नव्हती. वाठार आलं. कंडक्टरने हाक मारली. मला सगळं ऐकू आलं, शाही. मी उतरले नाही.

का, ते तुला कसं सांगू? हे आजारी होते तेव्हा चार वर्षं मी कुठंही गेले तरी परत यायच्या वेळेची काळजी घेऊनच जायचे. हे गेल्यावरही ती सवय गेली नाही. तुझ्याकडेसुद्धा मी "पाचपर्यंत येते" असं सांगून निघाले होते. बस पुढे निघाली तेव्हा वाटलं, अजून थोडं. एवढंच. तुला टाळायचं नव्हतं. तुझ्याकडे आले असते तर तू लगेच विचारलं असतंस, "काय झालं?" आणि मला काय झालं होतं ते मलाच माहीत नव्हतं.

मग उसाच्या वर ते शिखर दिसलं. काळ्या दगडाचा चौकोनी मनोरा, त्यावर साधा क्रूस. मी उतरले आणि चालत गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. आत कुणीही नव्हतं.

शाही, तो वास! आपल्या शाळेच्या चॅपलचा वास. जुनं लाकूड, मेण आणि गार दगड. बाक झिजून मऊ झालेले. उंच खिडक्यांतून येणारं ऊन जमिनीवर पडून अगदी हळू सरकत होतं. कुणीतरी वेदीपाशी तांब्यात झेंडू ठेवले होते. मी खांबाच्या आडोशाला बसले आणि डोळे मिटले. तू शेजारी बसून माझ्या वेणीला गाठ मारते आहेस असं वाटलं.

थोड्या वेळाने दार बंद झालं. कुलपात किल्ली फिरली. तेही मला ऐकू आलं.

मी ओरडले नाही. तुलाच सांगते हे. मला वाटलं, चला, आता मला बाहेर जाता येत नाही, पण कुणाला आतही येता येत नाही. किती वेळ बसले कोण जाणे. आधी सुख वाटलं. मग पाण्याची बाटली संपली. मग लक्षात आलं की फोनला रेंज नाही, भिंती हातभर जाड आहेत, आणि आज रविवार नाही. दार हलवलं. हाका मारल्या. बाहेर नुसता ऊस. आणि मग हे आठवले. गेटचे गज धरून उभे राहायचे ते. मला इतक्या दिवसांत तेव्हा पहिल्यांदा कळलं की त्यांना काय होत असेल.

मनोऱ्याखाली घंटेचा दोर लोंबत होता. मी तो ओढला.

मला काय माहीत, शाही, की उपासनेची वेळ सोडून तिथं घंटा वाजली म्हणजे गावात कुणीतरी गेलं! सगळा गाव शेतातून पळत आला. एक जण तर खोरं आणि टिकाव घेऊनच आला होता. दार उघडलं तर बायका डोक्यावर पदर घेऊन उभ्या. एक म्हातारी पुढे होऊन म्हणाली, "कोन गेलं गं बाई? कोन गेलं?"

मी म्हणाले, "कोणी नाही. मी आत राहिले."

"आत र्‍हायली? आनि मेलं कोन?"

"कोणीच नाही, आजी."

"मग रडायचं का न्हाई आता?" ती चिडलीच. सगळे हसायला लागले. खोरंवाला म्हणाला, "आता आलूयच तर खड्डा खनूनच जातो, कामाला यील की."

चर्चची झाडलोट करणारे पिराजीमामा मात्र हसत नव्हते. बिचारे घाबरून पांढरे पडले होते. माझ्या पायांकडे बघून म्हणाले, "बाई, चपला पायात?"

तिथं सगळे चपला दारात काढतात. दुपारी कुलूप लावताना मामा आत डोकावत नाहीत, पायरी बघतात. पायरीवर चपला नाहीत म्हणजे आत माणूस नाही. इतक्या वर्षांत कधी चुकलं नव्हतं. आणि मी? सिस्टर इनेसने शिकवलं होतं ना, देवळात चपला काढतात, चॅपलमध्ये नाही, फक्त पावलं वाजवायची नाहीत. मी पावलं न वाजवता चपला घालून आत गेले होते. मामांना हे सांगितलं तर म्हणाले, "मग त्या शिस्टरलाच कोंडायला पायजे हुतं."

त्यांच्या घरी चहा घेतला. मामींनी भाकरी वाढली, मी दोन खाल्ल्या. निघताना म्हणाले, "सलाम, बाई. जानेवारीत कापनीचा सन असतो आमचा, तवा या. पर चपला भायेर काढून या." फार दिवसांनी इतकी भूक लागली होती मला.

पण तोवर धैर्यशील गाडी घेऊन आला होता. मी पाचपर्यंत आले नाही, फोन लागत नाही, म्हणून क्रांतीने तुझ्याकडे फोन न करता सरळ पोलिसांत कळवलं होतं. रेंज आल्यावर मीच त्याला कुठे आहे ते सांगितलं. गावातल्या पोरीबाळी त्याच्याभोवती जमून सांगत होत्या, "तुमच्या आई मेल्या म्हनून आमी आलो!" त्याला हसू आलं नाही. शिरोली आल्यावर म्हणाला, "आई, बाबांचंही असंच सुरू झालं होतं."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे नेलं. घड्याळ काढायला सांगितलं, काढलं. शंभरातून सात वजा करत जायला सांगितलं, केलं. डॉक्टर म्हणाले, काही नाही. धैर्यशील म्हणाला, "बाबांनाही पहिल्यांदा काही नाही म्हणाले होते." ते खरं आहे, शाही. त्या दिवसापासून गेटला कुलूप आहे. तेच कुलूप. किल्ली क्रांतीच्या कमरेला. कामवाली येता जाता दारातल्या माझ्या चपलांकडे बघते आणि आत सांगते, "आईसाहेब हायत." क्रांती बघते. धैर्यशील संध्याकाळी आल्यावर आधी तिकडे बघतो, मग माझ्याकडे. चपला दारात आहेत, म्हणजे मी आहे. पिराजीमामांसारखंच.

ती वाईट माणसं नाहीत. म्हणूनच दार उघड म्हणायला तोंड उघडत नाही.

तुझी,
संयू


पेठ वडगाव
२० डिसेंबर २०२४

संयू,

तुझं पत्र वाचताना मी आधी रडले. मग खोरंवाल्यापाशी आले आणि इतकी हसले की ऑपरेशनचा गुडघा ठणकला. रस्सा माफ. पण एकदा माझ्याकडे उतर आणि मग हवं तिथे जा.

या पत्रासोबत पार्सल आहे. निळे कापडी बूट. चमनने आणले, तुझं माप मला अजून माहीत आहे. मोठ्या सुट्टीत आपण अदलाबदल करून घालायचो. आता नीट ऐक. १२ जानेवारीला, रविवारी, तळेमाळला कापणीचा सण आहे. चमनने चौकशी केली, लोक शेतातलं पीक चर्चला वाहतात आणि मग त्याचा लिलाव होतो. मी रिक्षातून येते. तू काय करायचंस? चपला दारात तशाच ठेवायच्या. हे बूट घालायचे. बनाबाई टोपली आत ठेवायला आली की गेट उघडं असतं, असं तूच लिहिलंयस. निघायचं. चपला दारात बघून संध्याकाळपर्यंत कुणाला कळणार नाही. पिराजीमामांना चपला नाहीत म्हणून फसवलंस, आता घरच्यांना चपला आहेत म्हणून फसव.

भाईजान गेले तेव्हा मी तुझ्या घरी आठ दिवस राहिले होते. धैर्यशील माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडला होता. तो माझाही आहे. पण त्याने माझी मैत्रीण कोंडली आहे.

शाही


कोल्हापूर
२ जानेवारी २०२५

प्रिय शाही,

बूट अगदी बरोबर बसले. न्हाणीघरात दार लावून घातले आणि आरशासमोर उभी राहिले. चोरून पावडर लावणारी शाळेतली मुलगी दिसली. पार्सल कसलं म्हणून क्रांतीने विचारलं. "शाहीने गरम मोजे पाठवलेत," म्हणाले. खोटं किती पटकन जमतं.

पण मी येणार नाही बहुतेक.

परवा चष्मा सापडत नव्हता. अर्धा तास शोधला. धैर्यशील दारात उभा राहून माझ्याकडे बघत होता. चष्मा फ्रीजवर होता. आपण सगळेच विसरतो, तूही विसरतेस. पण त्याच्या नजरेने मी माझ्याकडे बघायला लागले आहे. रात्री पडल्या पडल्या आपल्या वर्गातल्या मुलींची हजेरी घेते, बाकाबाकाने. एखादं नाव अडलं की पहिल्या बाकापासून पुन्हा सुरू करते. शाही, तोच बरोबर असेल तर? वाठार आलं ते मला कळलं होतं असं मी म्हणते. ते खरंच कळलं होतं की नंतर मी तसं ठरवलं?

कुणाला विचारू?

तुझी,
संयू


पेठ वडगाव
६ जानेवारी २०२५

संयू,

मला विचार. कंडक्टरने हाक मारली ते तू लिहिलंस, शेजारची बाई बोलत नव्हती ते लिहिलंस, तांब्यातला झेंडू लिहिलास. तुला वाठार कळलं होतं. तू उतरली नाहीस. मला राग आला तो त्याचाच.

विसरायचं असेल तेव्हा विसरशील. तेव्हा मी सांगत जाईन, तू संयोगिता, तुझी वेणी मी बांधायचे. पण अजून ती वेळ आलेली नाही. आणि जी वेळ आली नाही तिच्यासाठी आत्तापासून कोंडून घ्यायचं, हे मला पटत नाही.

रविवारी मी तळेमाळच्या त्या पायरीवर बसलेली असेन. माझ्या चपला पायरीवर असतील. तुझे बूट शेजारी आले तर आले.

शाही


कोल्हापूर
१४ जानेवारी २०२५

प्रिय शाही,

रविवारी तू चारला चमनच्या रिक्षात बसलीस आणि मी हात हलवला, त्यानंतरचं सांगायचं राहिलं. खरं तर सकाळचंही राहिलं. तिथे त्या गर्दीत, त्या गाण्यांत आणि तू भोपळ्याच्या लिलावात कुणा म्हातार्‍याशी भांडत असताना काय सांगणार?

सकाळी सगळं तुझ्या सांगण्याप्रमाणे झालं. चपला दारात, नेहमीसारख्या, टाचा भिंतीला. बूट घातले. बनाबाई टोपली घेऊन आत आली, माझ्या पायांकडे बघितलं आणि मोठ्यांदा क्रांतीला म्हणाली, "वैनीसाब, वांगी बघा की, कशी पोराच्या गालागत हायत!" क्रांती वाकली. मी गेटबाहेर पडले. कोपऱ्यापर्यंत गेले. कुणी हाक मारली नाही.

आणि तिथे मी उभीच राहिले. तळेमाळला दार बंद झालं तेव्हाचा आवाज आठवला. बाहेरच्या पायरीकडे बघून कुणीतरी ठरवलं होतं की मी नाही. आणि आता मी स्वतःच तसंच करत होते. दारात चपला ठेवून घरच्यांना सांगत होते की मी आहे. संध्याकाळपर्यंत त्या घरात नुसत्या चपला राहिल्या असत्या. आणि मी नाही हे कुणाच्या लक्षातही आलं नसतं.

मी परत गेले. क्रांतीच्या समोर चपला उचलल्या, कागदात गुंडाळल्या आणि पिशवीत टाकल्या.

"आई! हे काय? कुठं निघालात?"

"तळेमाळला. शाही येणार आहे. सातपर्यंत येते."

"यांना विचारलंत?"

"तू सांग त्याला. चपला दारात नाहीत हे सांग, आणि मी कुठे आहे तेही सांग."

तिचा हात कमरेच्या किल्लीवर गेला. गेट तिच्या पाठीशी होतं. बनाबाई हातात वांगं धरून तशीच उभी. मला वाटलं, आता लावणार. मी लावलं असतं, शाही. यांच्या वेळी मी लावायचे. क्रांतीने हात किल्लीवरून काढला आणि म्हणाली, "फोन चार्ज आहे का?" आणि आत जाऊन माझा फोन आणि पाण्याची बाटली घेऊन आली. तिचे डोळे भरले होते. "आई, मला बोलणी खायला लावू नका," म्हणाली.

बसमध्ये मी सगळा वेळ रस्त्याकडे बघत होते. वाठार गेलं ते बघितलं.

तू गेल्यावर मी आत जाऊन बसले. त्याच खांबाशी. पिराजीमामांनी दार सताड उघडं ठेवलं होतं आणि जाता-येता पायरीवरच्या बुटांकडे बघून म्हणत होते, "हायत, हायत." सावल्या लांब झाल्या. आणि धैर्यशील आला.

तो आत आला नाही. पायरीवर उभा राहून खाली बघायला लागला. सणाच्या गर्दीत उरलेल्या चपला होत्या, पोरांच्या, बायकांच्या. तो त्यातून माझ्या शोधत होता. एकदा बघितलं, परत बघितलं, वाकून बघितलं. त्याला निळे बूट माहीत नव्हते. त्याचा चेहरा, शाही! शाळेबाहेर घ्यायला मला उशीर झाला की असाच व्हायचा. ओठ घट्ट मिटलेले, रडायचं नाही असं ठरवलेले. मला कळलं, तो मला कोंडत नव्हता. बाबा एकदा त्याची नजर चुकवून गेटबाहेर निघून गेले होते, त्यांनाच तो अजून धरून ठेवत होता.

पण ते कळलं म्हणून मला कुलूप सोसवणार नव्हतं. मी तिथूनच हाक मारली.

त्याने वर बघितलं. "तुझ्या चपला दिसल्या नाहीत," म्हणाला.

"मी दिसते ना?"

मामा मागून म्हणाले, "पावणं, आत जायचं तर बूट काढा." त्याने बूट काढले. एक मोजा अंगठ्यापाशी फाटलेला होता. येऊन माझ्या शेजारी बसला. बाकावर आम्ही दोघं, समोर लिलावात न गेलेली कोथिंबीर. पाय बाकाखाली घेत म्हणाला, "इथं गार वाटतं." मी म्हणाले, "हो." जाताना तो मुद्दाम थांबून मामांना म्हणाला, "पुढच्या वेळी आत बघून कुलूप लावा." मामा म्हणाले, "आनि तुमी?"

घरी आल्यावर क्रांतीने गेटला कुलूप लावलं, नेहमीसारखं. मी चपला कागदातून काढून दारात ठेवल्या आणि झोपले. वाटलं, संपलं.

काल सकाळी कुलूप होतंच. आजही आहे. फक्त किल्ली क्रांतीच्या कमरेला नाही. ती चपलांच्या फळीवर ठेवलेली असते, माझ्या चपलांना लागून. कुणी ठेवली ते मी विचारलं नाही. धैर्यशील संध्याकाळी आला की अजूनही आधी दारात बघतो. काल त्याने चपला बघितल्या, किल्ली बघितली, आणि मग विचारलं, "कुठे जाऊन आलीस?"

"कुठेच नाही," म्हणाले. खरंच गेले नव्हते. पण त्याने विचारलं.

बनाबाईने आज टोपली उतरवल्या उतरवल्या हात पुढे केला, "द्या, टाकतो की." मी म्हटलं, आज नको. ती रुसलीच. "व्हय, आता काय, काम झालं!" म्हणाली.

पोस्टाची पेटी कोपऱ्यावर आहे. पाकीट चिकटवते आणि जाते.

तुझी,
संयू